कुठली वांग शिऊयिंग?

"कुठली वांग शिऊयिंग?" इन्स्पेक्टर काओंनी विचारलं आणि टेबलावरचा मॉनिटर माझ्याकडे वळवला.

पडद्यावर ओळींखाली ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीची पहिली तीन अक्षरं तीच. त्यांनी एक बटण दाबून धरलं. ओळी वर सरकत राहिल्या. त्या कुठेतरी थांबतील म्हणून मी बघत राहिले, पण थांबेचनात.

"या नुसत्या नानजिंग शहरातल्या," ते म्हणाले. "तुमची बाई आनह्वे प्रांतातली. तिकडच्या यात नाहीतच."

"साठीच्या आसपासची आहे," मी म्हटलं. "बुटकी. केस मागे बांधते. पुढचा एक दात चांदीचा आहे."

"या सगळ्या साठीच्याच आहेत."

त्यांचा आवाज तुसडा नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. माझ्या शेजारी आमच्या वसाहतीच्या समितीच्या प्रमुख झोऊ-आयी बसल्या होत्या. त्यांनी मला इथे आणलं होतं. माझं चिनी बाजारहाटापुरतं. कुठे अडलं तर त्या तोच प्रश्न सावकाश, सोपा करून विचारत होत्या.

"त्या काळी मुलगी झाली की शिऊयिंग ठेवायचे," त्या म्हणाल्या. "शिऊ म्हणजे देखणी, यिंग म्हणजे शूर. आईबापांना दोन्ही हवं असायचं. मीसुद्धा शिऊयिंगच. झोऊ शिऊयिंग."

हे मला तेव्हा पहिल्यांदाच कळलं.

ही २००६ सालच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही मूळचे कऱ्हाडचे. उदयच्या कंपनीने त्याला नानजिंगच्या कारखान्यात पाठवलं, तेव्हा आमची रेवा अडीच वर्षांची होती. त्या जानेवारीत तिला चार होऊन गेली होती. मी सकाळी एका कॉलेजात इंग्रजी शिकवायची, म्हणून रेवाला सांभाळायला वांग शिऊयिंग येत असे. रेवाला बालवाडीतून आणायचं, जेवू घालायचं, झोपवायचं, हे तिचं काम. खेड्यातून आलेली बाई. बोलायची कमी. र म्हणता येत नसल्यामुळे रेवाची तिने लेवा केली होती.

चिनी भाषेत मावशीच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणतात. शेजारची आयी, भाजीवाली आयी, घरकामाची आयी. रेवाला सुरुवातीला वाटायचं की या गावात सगळ्यांच्याच आया रस्त्यावर फिरताहेत. मग तिने आपल्यापुरता फरक केला. मी आई, आणि वांग शिऊयिंग आयी. ऐकणाऱ्याला मात्र तो कळायचा नाही. आतून हाक आली की आम्ही दोघीही 'ओ' द्यायचो.

त्या दिवशी कॉलेजातून घरी आले तर दाराशी चपला नव्हत्या. ओट्यावर सकाळी मळून ठेवलेली कणीक तशीच. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, आज दोघी आल्याच नाहीत. बालवाडीत धावत गेले. बाईंनी सांगितलं, आयी नेहमीच्या वेळी येऊन घेऊन गेली. मुलगी नाचत गेली. नाचत का गेली, ते त्यांना माहीत नव्हतं. वांग शिऊयिंगकडे मोबाइल नव्हता. दक्षिण दरवाजापाशी जुन्या गल्ल्यांत ती खोली घेऊन राहते, एवढं मला ठाऊक होतं. पण त्या गल्ल्या पाडायला काढल्या होत्या आणि ती दुसरीकडे जाणार होती. गेली का, कुठे गेली, ते तिने सांगितलं नव्हतं. वाट पाहून पाहून शेवटी मी झोऊ-आयींचं दार वाजवलं होतं.

काओंनी पेन हातात घेतलं. "आता नीट ऐका. मुलीला बालवाडीतून घराऐवजी दुसरीकडे कुठे नेण्याची परवानगी तुम्ही तिला दिली होती का?"

झोऊ-आयींनी तो प्रश्न पुन्हा सांगितला, एकेक शब्द सुटा करून. "घरी नाही. दुसरीकडे. तू सांगितलं होतंस का, घेऊन जा म्हणून?"

"नाही," मी म्हटलं.

काओंनी ते लिहिलं. "मग याला एकच नाव आहे. आनह्वेला जाणाऱ्या बसेसचे अड्डे आणि रेल्वे स्टेशन, दोन्हीकडे कळवतो. बाई सापडली की अटक होईल. मुलगी सापडणं महत्त्वाचं."

"हो," मी म्हटलं. "हो, कळवा."

झोऊ-आयींनी माझ्याकडे पाहिलं.

बाहेर पायरीवर मी उदयला फोन लावला. तो कामासाठी वूहानला गेला होता.

"कधीपासून नाहीये?" त्याने विचारलं.

"दुपारपासून."

"दुपारपासून? आणि तू आत्ता फोन करतेस? वैजू, तिचं ओळखपत्र तू पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं. तिचंच होतं. पण उदय, त्याचा काही उपयोग नाही. इथे त्या नावाच्या..."

"पोलिसांत तक्रार दिलीस?"

"दिली."

"अपहरणाची?"

मी हो म्हटलं. तो मिळेल त्या गाडीने निघतो म्हणाला. मग एकदम आवाज बदलून म्हणाला, "रेवाने लोकरीची टोपी घातलीय का गं?" मला आठवेना. सकाळी मीच तिला कपडे घातले होते आणि टोपी घातली की नाही, ते मला आठवेना. मी तिथेच पायरीवर बसले.

"ऊठ," झोऊ-आयी म्हणाल्या. "पोलीस बसअड्ड्यावर बघतील. आपण आपल्या ठिकाणी बघू. मला नाही वाटत ती पळून गेली असेल."

"तुम्ही तिला ओळखता?"

"नाही. पण पोर पळवायचं असतं, तर चौदा महिने तुझी भांडी कशाला घासली असती?"

झोऊ-आयींविषयी थोडं सांगायला हवं. बाई उंच, दारातून जाताना डोकं वाकवणाऱ्या. तरुणपणी त्या प्रांताच्या व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या. मंडईत आजही एखादा म्हातारा सायकल थांबवून त्यांना नमस्कार करायचा, आणि त्या मान हलवून मुळ्याचा भाव करत राहायच्या. समितीच्या खोलीत एक जुना ध्वनिक्षेपक होता. पाणी जाणार असलं की त्या त्यावरून ओरडायच्या. आता त्यांनी तो चालू केला.

"वांग शिऊयिंग! परदेशी कुटुंबात काम करणारी, आनह्वेची वांग शिऊयिंग! कुणाला तिची माहिती असेल तर समितीच्या खोलीत या! शिऊयिंग! ताबडतोब या!"

ध्वनिक्षेपकाची खरखर मोठी. अर्ध्या वसाहतीला त्यातलं फक्त 'शिऊयिंग, ताबडतोब या' एवढंच ऐकू गेलं असावं. कारण थोड्याच वेळात जाड कोट घातलेल्या म्हाताऱ्या एकेक करून दारात येऊ लागल्या. एकीच्या हातात सोललेला लसूण होता. एक जिना उतरून धापा टाकत होती.

"काय झालं? माझ्या पेन्शनचं काही आहे का?"

"मला कशाला बोलावलंय?"

"तुला नाही, मला बोलावलंय. शिऊयिंग म्हणाली ती."

"मग मी कोण आहे?"

खोली भरून गेली. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. झोऊ-आयींनी टेबलावर हात आपटला आणि काय झालं ते सांगितलं.  लसूणवालीने लसूण खिशात टाकला.

"ती छोटी? मोठ्या डोळ्यांची?" एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई पुढे आली. "मी तांग शिऊयिंग. पस्तीस नंबरची बस चालवायचे. दक्षिण दरवाजापर्यंत."

"या शहरातली पहिली बाई ड्रायव्हर," झोऊ-आयी मला म्हणाल्या. "पेपरात फोटो आला होता."

"फोटो राहू दे. माझ्या भाच्याची मालवाहू रिक्षा खाली उभी आहे. त्या गल्ल्या मला पाठ आहेत. चला."

"मी येते," मागून आवाज आला. काय आवाज होता तो! बारीक चणीची, पांढऱ्याशुभ्र केसांची बाई. पण तिचं साधं बोलणंसुद्धा भिंतीवर जाऊन आदळत होतं. ही शेन शिऊयिंग. ऑपेरात तीस वर्षं गायलेली. तिच्या नावाच्या पाट्या लागायच्या, असं मला नंतर कळलं. "हाका मारायच्या असतील तर माझा उपयोग होईल."

तांग पुढे बसली. आम्ही तिघी मागे, कोबीच्या रिकाम्या टोपल्यांमध्ये. ती बाई रिक्षा अशी चालवत होती, की मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसले होते. सिग्नलला थांबलो की ती शेजारच्या वाहनांवर खेकसायची, "सरका! पोर हरवलंय!" आणि ते सरकायचे. दिवस कलायला लागला होता. जानेवारीतलं नानजिंग, उजेड लवकर संपतो. माझ्या डोक्यात एकच चालू होतं. बस. आनह्वेची बस. खिडकीशी रेवा. बस आता कुठवर गेली असेल?

"तिला मुलंबाळं आहेत का?" शेनने विचारलं.

"एक मुलगा आहे. शेनझेनला बांधकामावर."

"नातवंडं?"

"नाहीत."

शेनने पुढे काही विचारलं नाही. पण त्या 'नाहीत'चा अर्थ माझ्या मनात भलताच झाला आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले.

दक्षिण दरवाजापाशी उतरलो. समोर गल्ली म्हणून फार थोडं उरलं होतं. विटांचे ढीग, मधूनच एखादं घर उभं, त्याच्या भिंतीवर पांढऱ्या वर्तुळात एकच मोठं अक्षर. अर्थ, पाडायचं. दारं-खिडक्या काढून नेलेल्या. कुठे एखादं कॅलेंडर भिंतीवर राहून गेलेलं.

"वांग शिऊयिंग!" शेनने हाक दिली. ढिगाऱ्यावरची कबुतरं उडाली.

"काय गं?" पलीकडून उत्तर आलं.

मी धावले. ठेच लागली, तशीच धावले. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाशी एक बाई बादलीत बदकं धूत बसली होती. लठ्ठ. दात सगळे धड. ती ती नव्हती.

"तुझं नाव वांग शिऊयिंग?" झोऊ-आयींनी विचारलं.

"हो. का?"

"आम्ही दुसरी शोधतोय. आनह्वेची."

"मीही आनह्वेचीच." तिने हात झटकले. "कुठली हवी आहे? या गल्लीत आम्ही तिघी होतो. मी बदकवाली. एक दम्याची, ती गेली मागल्या वर्षी. आणि एक कोंबड्यावाली."

"दात चांदीचा आहे तिचा," मी म्हटलं.

"मग ती कोंबड्यावाली." बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू लेवाची आई?"

 मी मान हलवली.

"रोज सांगते तुमच्याबद्दल. तिची खोली परवाच रिकामी करायला लावली. नव्या जागेचा मालक कोंबड्या ठेवू देत नाही, म्हणून त्या अजून वरच्या माळ्यावरच आहेत. दाणे घालायला येते रोज. आज त्या हलवायच्याच होत्या, उद्या यंत्र येणार ना. आज मी काही तिला बघितली नाही, मी सकाळपासून बाजारात होते."

"कुठलं घर?"

"ते तिकडे, शेवटून दुसरं. पण आत जाऊ नका. त्याचे वासे उपटून नेलेत काल."

आम्ही निघालो. वाटेत एक माणूस विटांतून लोखंडी सळया ओढून काढत होता. तांगने त्याला विचारलं, इकडे कुणी बाई आणि लहान मुलगी पाहिली का?

"पाहिलं नाही. ऐकलं," तो म्हणाला. "दुपारपासून एक पोरगी ओरडतेय वरती कुठेतरी. आयी, आयी, आयी. असेल तिची आयी बरोबर. म्हणून मी लक्ष दिलं नाही."

"अजून ओरडतेय?"

त्याने कान दिला. आम्हीही दिला. काहीच ऐकू आलं नाही. दूर रस्त्यावरचे भोंगे, आणि त्याच्या हातातल्या सळईचा आवाज. मग तोही थांबला.

शेन पुढे झाली. विटांच्या ढिगावर चढली, दोन्ही पाय रोवले, छातीत हवा भरली आणि हाक दिली. "ले - वा!" त्या एका हाकेने ती सबंध पडकी गल्ली भरून गेली.

आणि आतून कुठून तरी, बारीक, बसलेल्या आवाजात आलं, "आ - यी!"

की 'आई'? मला आजही सांगता येणार नाही. मला आईच ऐकू आलं. "आले गं! आले, आले!" मी मराठीत ओरडत सुटले.

घराचा पुढचा भाग उघडाच होता. आत जिना असायला हवा होता, तिथे लाकडाच्या फळ्यांचा ढीग पडला होता. वर माळ्याची जमीन अर्धी शिल्लक. तिला ना कठडा, ना आडोसा. आणि अगदी मागच्या भिंतीला टेकून, लाल फुलांच्या रजईत गुंडाळलेली माझी रेवा बसली होती. डोक्यावर लोकरीची टोपी. मांडीवर कोंबडी.

"रेवा!"

ती उठायला लागली.

"उठू नको! बस! तिथेच बस बाळा!"

तिच्या पायांखालची फळी हलताना मला खालून दिसत होती. झोऊ-आयींनी मला हाताने मागे सारलं. तांगने बाहेरून एक टेबल ओढत आणलं, कुणीतरी टाकून दिलेलं. झोऊ-आयी त्यावर चढल्या आणि हात वर केले. बासष्ट वर्षांची बाई; पण हात थेट माळ्याच्या काठापर्यंत पोचले.

"लेवा," त्या म्हणाल्या, "रांगत ये. भिंतीच्या कडेकडेने. बाळं रांगतात ना, तशी."

"कोंबडी?" वरून प्रश्न आला.

"कोंबडी नंतर."

रेवा रांगत आली. प्रत्येक गुडघ्याला लाकूड कुरकुरायचं. शेवटच्या हातभर अंतरावर ती थांबली आणि खाली बघून रडायला लागली. झोऊ-आयी चवड्यांवर उंचावल्या, पोरीच्या काखांत हात घातले आणि अलगद तिला उचलून छातीशी घेतलं. मग माझ्या हातात दिलं. रेवा रजईतल्या उबेने गरम होती. नुसती गरम. मी तिचं डोकं, हात, पाय चाचपत राहिले.

"आई," ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "आयी बोलत नाहीये."

तेव्हा आम्ही खाली पाहिलं.

फळ्यांच्या ढिगामागे वांग शिऊयिंग पडली होती. एक पाय नको तसा वळलेला. अंगावर धूळ. ओठ निळे. तिच्या जवळ एक वेताची टोपली उलटी, आणि दुसरी कोंबडी तिच्या कोटाच्या टोकावर बसलेली. शेन गुडघ्यांवर बसली, तिच्या तोंडाशी कान नेला. "आहे," ती म्हणाली. "जिवंत आहे." तांग रिक्षा आणायला पळाली.

रुग्णालयात वांग शिऊयिंगला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. शेनने कुठूनसं गरम सोयाबीनचं दूध आणलं होतं. ते घोटघोट पीत रेवा मला सांगत होती. मी काही विचारत नव्हते, तीच सांगत होती.

"आयी म्हणाली कोंबड्या बघायला जाऊ. मी म्हटलं जाऊ. मग आयीने मला रजई दिली. मग एक कोंबडी घेऊन ती खाली गेली, आणि धाडकन आवाज झाला."

"मग?"

"मग आयी खालून म्हणाली, लेवा, भिंतीला टेकून बस. उठायचं नाही. पुढे यायचं नाही. तिने मला शपथ घातली."

"आणि तू बसलीस?"

"मला यायचं होतं. पण ती म्हणाली, आपण खेळ खेळू. तू मला हाक मार, मी ओ देते. थांबायचं नाही. मी आयी म्हणायचं, ती एई म्हणायची. आयी, एई. आयी, एई." तिने दुधाचा घोट घेतला. "खूप वेळ. गाणंपण म्हटलं. मग ती हळू एई म्हणायला लागली. मग म्हणेचना."

"मग तू काय केलंस?"

"मी तरी म्हटलं."

झोऊ-आयी आमच्याकडे बघत होत्या. रेवा मराठीत बोलत होती. त्यांना शब्द कळले नसणार. पण 'आयी' आणि 'एई' कळलं असावं. त्या उठून खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

डॉक्टर बाहेर आले. खुब्याचं हाड मोडलंय, थंडीने अंग गारठलंय, पण वाचेल, म्हणाले. शुद्धीवर आल्यापासून मुलीबद्दलच विचारते आहे, तिला कुणीतरी आत जाऊन सांगा. मी उठत होते, तेवढ्यात कॉरिडॉरमधून इन्स्पेक्टर काओ आले. बरोबर एक शिपाई.

त्यांनी आधी रेवाच्या गालाला हात लावला. मग वही काढली.

"मुलगी मिळाली, फार चांगलं झालं. आता बाईचं. परवानगीशिवाय नेलं, आणि पाडायला काढलेल्या घरात नेलं. तिच्याकडे शहरात राहायचा परवानाही नाही, मी पाहिलं. बरी झाली की ताब्यात घ्यावं लागेल. तुमचा जबाब आहेच. खाली सही तेवढी हवी."

त्यांनी वही पुढे केली. मी पेन घेतलं नाही.

"परवानगी होती," मी म्हटलं.

"काय?"

"मीच सांगितलं होतं तिला. बालवाडीतून परस्पर घेऊन जा, कोंबड्या दाखवून आण. रेवा हट्ट करत होती."

काओ माझ्याकडे बघत राहिले. "दुपारी तुम्ही नाही म्हणालात."

"घाबरले होते. माझं चिनी कच्चं आहे. तुमचा प्रश्न मला कळला नव्हता."

"प्रश्न तुम्हाला दोनदा विचारला. दुसऱ्यांदा तर या झोऊ बाईंनी, अगदी..."

ते थांबले आणि झोऊ-आयींकडे वळले.  ही बाई समितीची प्रमुख. पाण्याच्या मीटरमध्ये दोन आकडे चुकले तरी घरी येऊन सांगणारी. तिला कधी खोटं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

झोऊ-आयींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी चुकीचं विचारलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही गावाला नेण्याबद्दल विचारताय. मी गाव म्हटलं. ती नाही म्हणाली. म्हातारी झाले मी, काओ. ऐकू कमी येतं."

"खूपच कमी येतं," तांग मागून म्हणाली. "आम्ही रोज ओरडतो तिच्यावर."

 काओंनी वहीतलं पान उलटलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले, "सावकाश. मी नव्याने लिहितो." मी सांगितलं. त्यांनी लिहिलं. मी सही केली. शिपाई गाडी काढायला खाली गेला. जाताना ते म्हणाले, "असल्या घरात पोर पाठवणाऱ्या आईलाही मी दोन शब्द ऐकवले असते. पण आज तुमचं पुष्कळ झालंय."

ते कॉरिडॉरच्या टोकाला पोचले नाहीत तोच उदय आला. वूहानहून पहिल्या विमानाने. कोटाची बटणं वरखाली लावलेली. त्याने रेवाला उचललं, तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली त्या शिपायाने सांगितलं. तू पाठवलं होतंस तिला? त्या घरात?"

काओ लिफ्टपाशी उभे होते. त्यांना मराठी येत नव्हतं. उदयला मात्र चांगलं चिनी येत होतं. मी जे सांगितलं असतं, ते तो चार पावलांत त्यांच्यापर्यंत घेऊन गेला असता. त्याचं चुकलं असतं असंही नाही. त्याची मुलगी कठडा नसलेल्या माळ्यावर दुपारभर बसली होती.

"हो," मी म्हटलं.

"तू?"

"हो. मी."

 तो रेवाला घेऊन जिन्याने खाली गेला. मी आत गेले, वांग शिऊयिंगच्या कानाशी वाकून सांगितलं, लेवा बरी आहे, दूध प्यायली. तिने डोळे मिटले आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानांपर्यंत ओघळत गेलं.

तिचा मुलगा शेनझेनहून आला. ऑपरेशन झाल्यावर तो तिला गावी घेऊन गेला. त्यानंतर काही वर्षं चिनी नववर्षाला त्याचा फोन यायचा, ती मागून काहीतरी ओरडायची, लाइन खराब असायची. मग फोन यायचे बंद झाले.

उदयला खरं सांगायचं होतं. आधी वाटलं, केस मिटू दे. मग कंपनीचे वकील वांग शिऊयिंगविरुद्ध तक्रार करायचं म्हणत होते, म्हणून थांबले. मग आम्ही भारतात परतलो. उदय महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलला होता, तो हळूहळू नीट बोलायला लागला होता, आणि आता पुन्हा ते सगळं उकरावंसं वाटेना. नंतर नंतर सांगायची जागाच उरली नाही.

गेल्या दिवाळीत कऱ्हाडला घर भरलं होतं. रेवाचं नुकतंच एमबीबीएस झालेलं, म्हणून लांबलांबचे पाहुणे भेटायला आले होते. सासूबाई रंगात आल्या होत्या. "हिला विचारा," माझ्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "चीनमध्ये आमच्या सूनबाईंनी काय केलं होतं. चार वर्षांची पोर, पडायला आलेल्या घरात पाठवली! कशाला, तर म्हणे कोंबड्या बघायला!"

सगळे हसले. रेवाही हसली. इतक्या वर्षांनी ती हसण्यासारखीच गोष्ट झाली होती.

उदय हसला नाही. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

मी किटली उचलली आणि विचारलं, अजून कुणाला चहा हवाय का.